बडगी घेऊन पळालेला जावई

जळगावच्या दवाखान्यात नर्सबाईंनी माझ्या मांडीवरची बडगी काढून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मी ती पोटाशी घट्ट धरली आणि म्हणालो, "थांबा, अजून कोथिंबीर टाकायची राहिलीय."

हे वाक्य मी बोललो याला साक्षीदार आहेत. बायको आहे, मेहुणा आहे, आणि शेजारच्या खाटेवर सलाईन लावून पडलेले एक अनोळखी गृहस्थ आहेत, जे म्हणे त्या अवस्थेतही हसले. मला स्वतःला मात्र यातलं काही आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या मांडीवर काहीतरी जड आणि कोमट होतं आणि ते खाली ठेवलं तर फार वाईट होईल अशी माझी खात्री होती. 

बडगी म्हणजे भाजलेली वांगी ठेचायचं लाकडी खोलगट भांडं. आमच्या खान्देशात हिवाळ्यात शेतावर भरीत करायचं म्हणजे बडगी लागतेच. ती रिकामी असली तरी एका हाताने उचलत नाही. माझ्या मांडीवरची तर भरलेली होती. एवढं वजन घेऊन मी केळीच्या बागेतून पळालो, हे मी आजही कोणाला पटवून देऊ शकत नाही, कारण एरवी मी गॅसचं सिलेंडर सरकवायचं म्हटलं तरी कमरेवर हात ठेवून बायकोकडे बघतो.

झालं होतं ते असं. आम्ही धुळ्याला राहतो, मी तिथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बायकोचं माहेर असोदा. थंडी पडली की सासरे, म्हणजे नाना, फोन करतात, "जवाईबापू, वांगी तयार झाली." एवढ्या शब्दांत सगळं आलं. आम्ही बस पकडतो. भरीत ठेचायचा मान माझा. मान वगैरे मी म्हणतो. मेहुण्याच्या मते मला वांगी भाजता येत नाहीत, कांद्याची पात चिरता येत नाही, चूल पेटवताना मी धुराकडे तोंड करून बसतो, म्हणून मला एका जागी बसवून ठेवायला ठेचण्याचं काम दिलं जातं.

त्या दिवशी शेतात आम्ही चौघं होतो. नाना, मेहुणा, बायको आणि मी. सासूबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, त्या पुऱ्या तळून मागून येणार होत्या. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजून झाली होती. सालं काढून झाली होती. मी ठेचत होतो आणि ठेचता ठेचता मेहुण्याला धूर वर का जातो हे समजावून सांगत होतो. विहिरीजवळच्या उंबरावर दसऱ्यापासून आग्या मोहोळ बसलेलं होतं. ते सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्याच्यापासून चांगले लांब, बांधाच्या अलीकडे बसलो होतो.

मग काय झालं ते मला सांगता येत नाही. मला मुळात आवाज आठवतच नाही. बायको म्हणते, ट्रॅक्टर अंगावर आल्यासारखा आवाज होता. माझ्या डोक्यात त्या वेळचं चित्र आहे, पण मुकं. ठिबकच्या नळीत अडकलेली एक पिवळी चप्पल. एका वांग्याचं देठ, ज्याला अजून साल चिकटलेली होती. नानांचं पांढरं धोतर केळीच्या पानांमधून दिसतंय, मग दिसत नाही. या तीन चित्रांच्या मध्ये काय आहे, कोणतं आधी आणि कोणतं नंतर, याचा पत्ता नाही.

शेजारच्या मळ्यातल्या एका भल्या माणसाने त्याच्या पिकअपमध्ये टाकून आम्हाला जळगावला नेलं. मला कानावर आणि मानेवर डंख होते, बायकोला हातांवर, मेहुण्याला डोक्यात. सगळ्यात जास्त नानांना. त्यांचा चेहरा असा सुजला की डोळे कुठे आहेत ते अंदाजाने ओळखावं लागत होतं. त्यांचा श्वास लागला होता. डॉक्टर धावपळ करत होते, इंजेक्शनं देत होते, आणि मी, हेही साक्षीदारांच्याच भरवशावर सांगतो, त्या डॉक्टरांना विचारत होतो, "थोडं भरीत घेता का? गरम आहे."

नाना वाचले. दोनेक दिवसांनी त्यांना घरी सोडलं. भरीत मात्र वाचलं नाही. नर्सबाईंनी शेवटी ते कुठे ठेवलं याची चौकशी करायची माझी हिंमत झालेली नाही. बडगी तेवढी मेहुण्याने परत आणली.

आता एवढं झाल्यावर माणसाने शांत बसावं. पण मी गोष्टी सांगणारा माणूस. नानांना भेटायला असोद्यातली, भादलीची, जळगावची माणसं यायला लागली. कोणी शहाळं आणायचं, कोणी बिस्किटांचा पुडा, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "झालं कसं?" की मी सुरू. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसायचो आणि बडगी, कोथिंबीर, डॉक्टरांना भरिताचं आमंत्रण, सगळं हातवारे करून सांगायचो. लोक हसून हसून डोळे पुसायचे. नानासुद्धा सुजल्या ओठांनी हसायचा प्रयत्न करायचे. दर वेळी मी गोष्टीत थोडी भर घालायचो. एकदा तर मी नानांच्या अंगावर गोणपाट टाकून त्यांना कसं वाचवलं, हे सांगितलं.

"गोणपाट?" बायको दारातून म्हणाली. "गोणपाट नानांनी टाकलं होतं. तुमच्यावर."

"नही वं," मेहुणा म्हणाला, "गोणपाट होतंच कुठे? ती आपली बसायची सतरंजी होती. अन् दाजींवर मी टाकली."

"मी टाकलं हे मला स्पष्ट आठवतंय," मी म्हणालो.

"दाजी, तुमचे दोन्ही हात बडगीत होते. टाकलं कशाने, पायाने?"

लोक पुन्हा हसले. मीही हसलो. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट मला कुरतडायला लागली. मला ते खरोखर स्पष्ट आठवत होतं. गोणपाटाचा खरबरीतपणा माझ्या तळहाताला आठवत होता. मग ते आलं कुठून?

शेवटच्या पाहुण्यांना गोष्ट सांगताना माझ्या हातातली कपबशी इतकी वाजायला लागली की मला गोष्ट थांबवून चहा खाली ठेवावा लागला. "चहा फार गरम आहे," मी म्हणालो. अक्का म्हणाल्या, "तो कधीचा निवलाय." 

आम्ही धुळ्याला परत आलो. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. शाळा, तपासायचे पेपर, संध्याकाळी पांझरा नदीकडे एक फेरी. पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गात मी ध्वनी शिकवत होतो. कंपन, वारंवारता वगैरे. कोणाच्या तरी दप्तरात मोबाईल होता आणि तो नेमका बाकाच्या लाकडावर थरथरला. घूंऽऽ.

पुढच्या क्षणी मी टेबलाखाली होतो.

मी तिथे गेलो कसा, हे मला कळलं नाही. डोकं दोन्ही हातांनी झाकलेलं, गुडघे छातीशी. टेबलाखालून मला साठ मुलांचे पाय दिसत होते आणि एकही पाय हलत नव्हता. मग मी हळूच बाहेर आलो आणि म्हणालो, "खडू पडला होता."

"सर," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "खडू तुमच्या हातात आहे."

होता. मी तो इतका घट्ट दाबला होता की त्याचा भुगा झाला होता. त्यानंतर आठवडाभर मी वर्गात शिरलो की मागून कोणीतरी तोंड मिटून बारीक आवाज काढायचं. मी हसायचो. म्हणायचो, "ही वारंवारता बरोबर नाही, थोडी वर घ्या." मुलं खूश. आणि मी तास संपवून शिक्षकांच्या खोलीत येऊन भिंतीला पाठ लावून बसायचो. भिंतीला पाठ लावल्याशिवाय मला कुठेच बसवत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायलाच काही दिवस गेले.

पण आवाजाचं एक ठीक आहे. आवाज टाळता येतो. मिक्सर लावायचा असला की बायको आधी सांगायची आणि मी गच्चीवर जायचो. खरी पंचाईत झाली वासाची. धुळ्यात काय आणि जळगावात काय, डिसेंबरात भाजलेल्या वांग्याचा वास टाळून जगायचं म्हणजे पुण्याला जायला पाहिजे. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक गच्चीवर, कोणाच्या तरी मळ्यात भरीत चाललेलं असतं. एका संध्याकाळी मी गल्लीत शिरलो आणि शेजाऱ्यांच्या अंगणात वांगी भाजत होती. मला आधी वास आला की आधी घाम फुटला, सांगता येत नाही. पोटात खड्डा पडला आणि मी चपला हातात घेऊन जिना चढून घरात शिरून दार लावून घेतलं. चपला हातात का घेतल्या, हा वेगळा प्रश्न आहे. 

दुसऱ्या दिवशी शेजारचे आबा फाटकापाशी भेटले. "काय व्हयनं सर? काल वांगी भाजी ऱ्हायनूत, तुमले हाका मारी ऱ्हायनूत, अन् तुम्ही पळाले. भरीत आवडत नही का आते?"

मी म्हणालो, "पोट बिघडलंय."

"भरीतघाई पोट बिघडतस का कधी?" आबा इतक्या दुखावल्या आवाजात म्हणाले की मला वाटलं, मी त्यांच्या खानदानाबद्दल काही बोललो. खान्देशात भरीत न खाणारा माणूस असू शकतो हेच त्यांना मान्य नव्हतं. मलाही नव्हतं.

बाकी लहानसहान गोष्टी तर किती. चष्मा फ्रिजमध्ये सापडला. एकच पेपर मी दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा वेगळे गुण दिले. त्या विद्यार्थ्याने अर्थात जास्तीचे ठेवून घेतले. भाचीला नोकरी लागली, तिने पेढे आणले, पेढा तोंडात ठेवला, गोड लागला, पण आत कुठे काही हललं नाही. जणू कोणीतरी मधे काच लावली होती आणि सगळी माणसं काचेपलीकडे तोंडं हलवत होती. आणि मग, कारण नसताना, बायकोने चहात आलं जास्त घातलं म्हणून मी तिच्यावर ओरडलो.  तिने खिडकी लावून घेतली. आमच्या घरात तेव्हा सगळ्या खिडक्या लावलेल्या असायच्या. थंडी आहे, म्हणून असेल, असं मला वाटायचं.

आणि उजव्या कानात माशी होती. खरी, जिवंत. रोज दुपारी ती पंख हलवायची.

इथे मला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. माझे एक धाकटे चुलते धरणगावला होते. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत कापसाने भरलेली गाडी पेटली. त्यांना काही झालं नाही, कोणालाच काही झालं नाही, पण तेव्हापासून कुठे धूर दिसला की ते आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की त्यांना बघून कोपराने एकमेकांना डिवचायचो. मोठी माणसं त्यांच्याबद्दल आवाज खाली करून बोलायची, आणि त्या खालच्या आवाजात एक शब्द असायचा. येडा. शेवटपर्यंत तो शब्द त्यांच्या अंगाला चिकटून राहिला.

आता मी भिंतीला पाठ लावून बसत होतो. ते तोंड लावायचे, मी पाठ. मला वाटायला लागलं, हे रक्तात आहे, माझी पाळी आली. मी आरशात बघायचो. वेड लागलेला माणूस आरशात वेडा दिसतो का? की त्याला तो शहाणाच दिसतो आणि तेच वेडाचं लक्षण? विज्ञानाच्या शिक्षकाने असले प्रश्न दाढी करताना विचारू नयेत. दोनदा गाल कापला.

शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो. अर्थात कानाच्या. हिशेब साधा होता: कानात माशी आहे, ती काढली की सगळं बंद होईल. त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं.

"कान स्वच्छ आहे."

"माशी दिसली का?"

"नाही."

"आत सरकली असेल. ती दुपारी येते. मी दुपारी येऊ का?"

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कानाशी संबंध नसलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. झोप लागते का? दचकता का? काही वास, काही जागा टाळता का? मी प्रत्येक उत्तर विनोदाने द्यायला लागलो आणि टेबलाखालच्या खडूपर्यंत आलो तेव्हा माझा आवाजच फुटेना. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाले, "सर, कानाचं काम नाही हे. वरच्या मजल्यावर आमच्या मॅडम बसतात. आत्ताच जा. घरी गेलात की परत येणार नाही तुम्ही."

माणूस ओळखणारा डॉक्टर.

वरच्या मजल्यावर जायचं म्हणजे जिना. त्या जिन्यावर पाटी होती, मानसोपचार, आणि जिन्याच्या मधोमध मला माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. ते खाली येत होते.

"सर, तुम्ही इथे?"

"कान दाखवायला."

"कानाचे डॉक्टर खाली आहेत."

"हो ना. तिथूनच आलो. तुम्ही?"

"मी... दात."

वर दाताचा डॉक्टर नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. आम्ही एकमेकांना अगदी अदबीने नमस्कार केला आणि आपापल्या दिशेने सुटलो.

वरच्या मॅडम वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. मी त्यांना सगळं सांगायला लागलो आणि सवयीने हातवारे करायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "हसवायची गरज नाही. आणि सगळं सांगायचीही गरज नाही. जेवढं सांगावंसं वाटतं तेवढंच." मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. बडगीच्या गोष्टीला आजवर कोणी असं थांबवलं नव्हतं.

मग मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, "मॅडम, एकच सांगा. मला वेड लागतंय का?" आणि चुलत्यांबद्दल सांगितलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांची भाषा मला तेव्हा अर्धीच ऐकू येत होती. जीवावर बेततं तेव्हा शरीर विचार करायला डोक्याकडे येत नाही. हातात असेल ते धरून पळतं. कोणी पळतं, कोणी जागीच थिजतं, कोणी हसतं, कोणी भलतंच बोलतं. त्यात शूर आणि भित्रा असं काही नसतं. धोका गेल्यावरही आतला भोंगा लगेच बंद होत नाही. काही दिवस, कधी काही आठवडे, तो वाजत राहतो. आवाजाला वाजतो, वासाला वाजतो, काही नसतानाही वाजतो. आठवणी तुकड्या-तुकड्यांनी साठतात, म्हणून सतरंजी आणि गोणपाट यांची गल्लत होते. आनंद न होणं, चिडणं, विसरणं, जे झालं ते सगळं माझ्यामुळेच झालं असं वाटणं, हे सगळं त्या भोंग्याचंच काम.

"मग ते वेड नाही?"

"नाही. बहुतेकांचं हळूहळू आपोआप शांत होतं. वेळेवर जेवा, झोपा, शाळेत जा, आपल्या माणसांत राहा. महिना उलटूनही असंच राहिलं, किंवा जगणं अवघड वाटायला लागलं, तर वाट बघत बसू नका, सरळ माझ्याकडे या. त्यावर उपचार आहेत."

"आणि माझे चुलते?"

"त्यांना मी बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही."

मला हे उत्तर आवडलं नाही. मला त्यांनी चुलत्यांना माफी दिलेली हवी होती. किंवा मला. पण खाली उतरताना पहिल्यांदाच मला पायऱ्या नीट दिसल्या.

आता शहाण्या माणसाने एवढ्यावर समाधान मानलं असतं. पण मी शिक्षक. नवीन काही कळलं की ते दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्याच रविवारी मी बायकोला घेऊन असोद्याला गेलो आणि दुपारी ओट्यावर सगळ्यांना जमवलं. नाना खाटेवर, मेहुणा पायरीवर, बायको दारात, अक्का शेंगा फोडत. मी उभा राहून भोंग्याबद्दल व्याख्यान दिलं. फळा नव्हता, एवढीच उणीव होती.

व्याख्यान संपल्यावर मी विचारलं, "तर, कोणाकोणाला काय काय होतंय?"

 अक्कांच्या हातात शेंग फुटल्याचा आवाज तेवढा आला. मला लक्षात आलं की वरच्या मॅडमनी जे करायची गरज नाही म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच मी करतोय; सगळ्यांना एका रांगेत उभं करून बोला म्हणतोय. मी गडबडलो आणि गडबडीत जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेलो.

"मीच केलं ते," मी म्हणालो. "शेवटच्या काड्या ओल्या होत्या, मी त्यांत पाला घातला. धूर झाला. धूर मोहोळाकडे गेला. नाना, तुम्हाला माझ्यामुळे झालं."

मेहुणा म्हणाला, "दाजी, वारा उलटा होता. धूर आपल्याच तोंडावर येत होता. तुम्ही तर सारखे खोकत होते."

"मग मोहोळ उठलं कशाने?"

"घारीने. घार मारत होती टोच. मी पाहिली ना."

"घार कुठून आली मधेच?" बायको म्हणाली. "पलीकडच्या शेतात पोरं दगड मारत होती उंबराला."

"पोरं त्या दिवशी शाळेत होती."

"रविवार होता रे."

"तुम्ही सगळे उगीच भांडून राह्यले," नाना खाटेवरून म्हणाले. त्यांची सूज उतरली होती, पण एका पापणीखाली अजून काळसर होतं. "मोहोळ का उठलं ते मोहोळाले माहीत."

मग मेहुणा खाली बघत म्हणाला, "मी अजून बाईकवर हेल्मेट घालून गावातल्या दुकानात जातो. लोक हसतात."

बायको म्हणाली, "मी खिडक्या मोजते. लावलेल्या आहेत का ते. परत परत." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला वाटलं असेल थंडीमुळे."

मी हो म्हणालो. काय म्हणणार.

"मले वाटलं, मी एकटाच येडा झालो," नाना म्हणाले. "डोये मिटले का तेच. अन् सांगू कोणाले? म्हातारा माणूस माश्यांले भेला, म्हणतील."

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसलो. एवढे दिवस चार माणसं एकाच गोष्टीला घाबरून, एकमेकांना कळू नये म्हणून चार कोपऱ्यांत लपून बसली होती, आणि मी सगळ्यांना हसवत होतो. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. पण काच जरा पातळ झाल्यासारखी वाटली. की ते नुसतं उन्हामुळे, कोण जाणे.

नाना उठून बसले. म्हणाले, "मी त्या दिवसापासून शेतात गेलो नही. केयीले पाणी द्यायचं त गडी देऊन राह्यला. उद्या मी जातो. जवाईबापू, येता का?"

"येतो," मी म्हणालो. ते कसं बोललो ते मला माहीत नाही. बहुतेक शरीराने परस्पर उत्तर दिलं.

सकाळी शाळेत फोन करून मी रजा कळवली आणि आम्ही दोघं निघालो. नानांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं, मी मेहुण्याचं हेल्मेट घातलं होतं. पायी. रस्त्यात दोघा-तिघांनी विचारलं, "गाडी कुठे ठेवली सर?" मी हात हलवून पुढे गेलो. शेताच्या अलीकडे नानांचं बोलणं कमी झालं. बांधापर्यंत पोचलो तेव्हा ते थांबले. मीही थांबलो. समोर केळीची पानं हलत होती, त्यापलीकडे उंबर. मोहोळ आता तिथे नव्हतं, लोकांनी सांगितलं होतं की ते उठून कुठे तरी गेलं. पण फांदीवर जिथे ते होतं तिथे एक काळा डाग दिसत होता, आणि आम्ही दोघं त्या डागाकडे बघत राहिलो.

 मी मनाशी म्हणत होतो, भोंगा आहे, भोंगा आहे. भोंग्याला ते ऐकू जात नव्हतं. नानांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे आधार द्यायला की आधार घ्यायला, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. 

"पंप?" मी म्हणालो. पंप विहिरीजवळ, उंबराखाली.

"हो," नाना म्हणाले. हलले नाहीत.

आम्ही तिथे बराच वेळ उभे होतो. मग नाना म्हणाले, "येथून दिसतं बरं शेत." मी म्हणालो, "छान दिसतं." मग आम्ही वळलो आणि घरी आलो. रस्त्यात नाना केळीच्या रोपांबद्दल बोलत होते आणि मी हेल्मेट काढून काखेत मारलं होतं.

दारात अक्का उभ्या होत्या. "जाऊन आले? केयीले पाणी सोडलं?"

"सोडलं," नाना म्हणाले.

"सोडलं," मी म्हणालो. "चांगलं सोडलं. ठिबक सगळी तपासली."

अक्कांनी आमच्याकडे पाहिलं. आधी नानांकडे, मग माझ्याकडे, मग काखेतल्या हेल्मेटकडे. "सकायपासून लाईट नही गावात," त्या म्हणाल्या. "पंप कशाने चालवला? येडे झाले का दोघं?"

तो शब्द. मी वाट पाहिली, की आता पोटात खड्डा पडेल. लहानपणापासून ज्याला घाबरत होतो तो शब्द, सासूने, भर दारात, शेजारपाजारच्यांदेखत. खड्डा पडला नाही. मी नानांकडे पाहिलं. ते धोतराच्या सोग्याने तोंड पुसत होते, म्हणजे हसू लपवत होते.

"झालो आहो," नाना म्हणाले. "थोडे थोडे. चहा टाक."